तिसावी

रात्रभर उणे चाळीसात गोठवलेलं मॅगझिन
सकाळी काँक्रीटवर तोंडघशी पाडलेलं.
मग वाळू, चिखल, पुन्हा वाळू.
कायानीच्या शेडमध्ये इर्मेली लिहिते: तडा नाही.

तीस गोळ्या अंगठ्यानं दाबून भरायच्या,
झाडायच्या, परत भरायच्या.
स्प्रिंग थकते का, एवढंच बघायचं.
अंगठा थकतो
त्याला रकाना नाही.

खणात एक जुनं आहे,
टाउनोनं निवृत्तीच्या आदल्या दिवशी भरून ठेवलेलं,
वर चिठ्ठी: ‘दहा वर्षांनी झाड. कुरकुरणार नाही, पैज.’
पैजेचे पैसे घ्यायला
टाउनो उरला नाही.

रेंजवर बर्फ भुरभुरतोय.
एकोणतीस सुटल्या, सरळ.
तिसावी अडकली.

टोपण काढलेलं पेन धरून
ती उभीच.
शाई गोठायला लागली तेव्हा लिहिलं:
तीस.