वारा कुठून येतो

नोव्हेंबरात कार्नेदायच्या डोंगरावरची तट्टं खाली आणतात.
शिट्ट्या, कुत्री, काठ्यांना बांधलेल्या खताच्या पिशव्या.
त्यातली दोन ग्विलिमने माझ्या दारात उतरवली.
म्हणाला, "एलुनेड, टपाल वाटताना साऱ्या गावाची कुत्री सांभाळलीस,
ही काय जड जाणार तुला?"
आणि रिकामा ट्रेलर खडखडवत निघून गेला.

एक तपकिरी शिंगरू,
कपाळावर अर्धवट पुसलेल्या खडूचा डाग.
एक करडी घोडी, दोन वर्षांची,
शेपटीत अख्खा डोंगर अडकलेला:
काटे, शेवाळ, मेंढीची लोकर.

शेडमध्ये ती उभी राहिली, आणि पुन्हा उभी राहिली.
कोपरा बदलला, तोंड बदललं, परत वळली.
मला कळायला दोन दिवस लागले.
वाऱ्याकडे पाठ करायची, एवढंच आईने शिकवलेलं,
आणि इथे वाराच नव्हता.
तिसऱ्या दिवशी पश्चिमेकडची एक फळी उचकटली.
दोघांनी शेपट्या तिकडे केल्या, माना खाली घातल्या,
आणि पहिल्यांदा गवत चावल्याचा आवाज आला.

नळाचं पाणी हुंगून सोडलं.
मग ओढ्याचं आणलं,
बादलीत पाटीच्या दगडाचा एक तुकडा टाकला.
गाजर तर शिंगराने असं थुंकलं
की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मग मी उलट्या बादलीवर बसायला लागले.
त्यांच्याकडे बघायचं नाही, बघणं हे शिकाऱ्याचं काम.
गावचं साप्ताहिक मोठ्याने वाचायचं:
मेंढ्यांचे भाव, चॅपलमधल्या चहाची वेळ,
कोण गेलं, कुणाच्या मागे कोण आहे.
निधनवार्ता त्यांना आवडायच्या,
माझा आवाज तिथे आपोआप खाली येतो.
आधी एक कान वळायचा,
दुसरा बऱ्याच वेळाने, जसा काही उपकार म्हणून.

नियम एकच: त्यांनी निघण्याआधी आपण निघायचं.
एक पाऊल पुढे, श्वास सोडायचा, दोन पावलं मागे.
एकतीस वर्षं मी लोकांच्या दारापर्यंत गेले
आणि वळले.
हे मला येत होतं.

अकराव्या दिवशी बांबूच्या टोकाला जुना हातमोजा बांधला,
पेंढा भरून.
आयाळ संपते तिथे टेकवला, लगेच काढून घेतला.
कातडं थरथरलं, माशी बसावी तसं.
पुन्हा. पुन्हा.
रोज वीतभर बांबू कापत गेले.
हातमोजा कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही.
तीन हिवाळे दारामागच्या खिळ्यावर होता तो,
बोटं तशीच वाकलेली, फावडं धरल्यासारखी.

बांबू हातभर उरला तेव्हा
शिंगराने वरचा ओठ लांब केला, डोळे मिटले.
मी बांबू खाली ठेवला.
माझी बोटं गार होती. त्याला चाललं.
जानेवारीत त्याने मोहरकीत आपणहून नाक घातलं,
आणि लगेच विसरला की काही झालं.

घोडीचं तसं नाही.
ग्विलिमच्या नातवाने अंगणात ताडपत्री झटकली
आणि ती फाटकासकट बाहेर गेली.
दोन दिवसांनी सापडली, दलदलीच्या कडेला,
वाऱ्याकडे पाठ करून, अगदी बरोबर उभी.
इफान रडला. मी त्याला चहा दिला
आणि नवा बांबू आणायला पाठवलं,
पूर्ण लांबीचा.

आता मार्च आहे, बांबू अजून माझ्याहून उंच.
काल संध्याकाळी कुरणात सोसाट्याचा वारा सुटला.
कोटाची बटणं लावायला मी पाठ फिरवली
आणि तशीच उभी राहिले.
बाजूला कुणीतरी चघळत होतं.
डाव्या बाहीला ऊब लागली.
शिंगरू असेल. असेलही.
वळून पाहिलं असतं तर कळलं असतं.
वीस श्वास मोजले,
आणि आधी मी निघाले.