एक वीत, चार बोटं

भिंतीवरच्या नकाशात आमचं कोय्हाइके
डाव्या अंगाला, तळाशी.
आणि रोसामेल मेंढ्या कातरायला गेला तो देश
पार उजव्या कोपऱ्यात,
जिथे कागद संपतो आणि गंजलेला खिळा आहे.
बाबा म्हणायचे, पोरगा आफ्रिका ओलांडून गेला.
त्यांना वाटे, वाटेत वाळवंटं लागत असतील,
पाण्याचे हाल होत असतील.

मग मिलाराइने शाळेतून पृथ्वीचा गोल आणला,
एका बाजूने चेपलेला.
आईच्या टोपलीतला राखाडी धागा
सांतियागोवर धरला, ऑकलंडपर्यंत ताणला.
धागा सरळ पश्चिमेला जाईना.
खाली घसरला, बर्फाच्या बाजूला,
आणि तिथेच बसला.
आफ्रिका नाही, वाळवंट नाही,
नुसतं पाणी.
बाबांनी हाताने मोजला :
एक वीत, चार बोटं.
"इतकंच?" म्हणाले,
आणि धागा गुंडाळून तंबाखूच्या डबीत ठेवला.

साडेनऊ हजारांच्या वर किलोमीटर.
जाताना तेरा तास, येताना अकरा.
वारा पश्चिमेचा; तोच,
जो बाल्मासेदाच्या धावपट्टीवर
माणसांना वाकून चालायला लावतो.
बाबांना हे लगेच पटलं.
"घराकडे तोंड केलं की घोडासुद्धा
न सांगता पाय उचलतो."

तारखेचं मात्र त्यांच्या गळी उतरेना.
रोसामेल शनिवारी मध्यरात्री विमानात बसला
तो सोमवारी पहाटे उतरला.
"रविवार कुणी घेतला?"
विमान कंपनीतली बाई फोनवर हसली,
येताना परत मिळेल, म्हणाली.
बाबांनी ते लक्षात ठेवलं, उधारी ठेवावी तसं.
चार वर्षं.

जुलैत, गुरुवारी, दुपारी तीनला बाबा गेले.
मते अर्धाच प्यायलेला, नळी अजून कोमट.
रोसामेलला फोन लागला तेव्हा
तिकडे शुक्रवार उजाडला होता.
"गुरुवारी? म्हणजे काल गेले?
काल का नाही सांगितलं?"
"काल नाही रे," मी म्हणाले, "आत्ता."

शुक्रवारी संध्याकाळी सहाला तो ऑकलंडहून निघाला
आणि शुक्रवारीच दुपारी एकला सांतियागोत उतरला.
निघायच्या पाच तास आधी.
घड्याळाने त्याची सगळी उधारी फेडली.
आणि मग बाल्मासेदाला बर्फ पडला.
अडीच तासांच्या वाटेसाठी
तो एकोणीस तास
सतरा नंबरच्या दाराशी, खुर्चीत.
परत मिळालेला दिवस तिथेच बसून संपला.

तो आला तेव्हा बूट तेच, कामावरचे,
हातांना मेंढीच्या तेलाचा वास.
दफन उरकून बाकी लोक गेले होते,
फक्त दोन लाकडी खुर्च्या उचलायच्या राहिल्या होत्या.

रात्री मिलाराइने डबी आणून उघडली.
"हे काय?"
"तू," ती म्हणाली. "तू किती लांब आहेस ते."
त्याने धागा टेबलावर सरळ केला,
तंबाखूचे कण फुंकले,
आपला हात पसरून वर ठेवला.
वीत, आणि दोनच बोटं.
पुन्हा मोजलं.

बाबांची बोटं शेवटी शेवटी
पुरती उघडतच नव्हती, हे त्याला
आमच्यातलं कुणी सांगितलं नाही.
आई उठली, किटली परत चुलीवर ठेवली.
बाहेर वारा पश्चिमेचाच होता.