तोंडा उघडतत

पंधरा दिवसांत टाकीची काच पुन्हा हिरवी.
आधी एक ठिपका, नळीच्या सांध्याशी,
मग धागे, मग सगळ्या पानांवर
ओल्या लोकरीसारखं काहीतरी.

सावंतवाडीचा दुकानवाला कैतान फोनवर विचारतो,
डॉक्टर विचारतात तसं:
दिवा किती तास? ऊन पडतं?
पाणी कधी बदललं? खाणं कोण घालतं?

दिवा सहा तासांवर आणला.
वेंगुर्ल्याच्या बंदराकडची खिडकी चारनंतर बंद;
सूर्य समुद्रावर उतरू लागला की
आमच्याकडे पडदा उतरतो.
रविवारी तिसरा हिस्सा पाणी जास्वंदीच्या मुळाशी
(ती मात्र माजली आहे),
तेवढंच विहिरीचं आत, रात्रभर बादलीत ठेवलेलं.
तरी हिरवी.

विहिरीच्या जांभ्यावर हेच शेवाळ
आजोबांच्या आधीपासून आहे.
त्याला कुणी रोग म्हटलं नाही.

मग एका दुपारी चष्मा विसरला म्हणून
बर्फाच्या कारखान्यातून घरी आलो,
तर बाबा टाकीपुढे, हातात डबा.
चिमूट.
दिवसातली कितवी, कोण जाणे.
"तोंडा उघडतत रे. भूक लागली हा तेंका."
"बाबा, मासे तोंड उघडतातच. श्वास घेतात ते."

नुसते बघत राहिले माझ्याकडे.
अकरा खलाशांचा भात
एकवीस वर्षं हलत्या चुलीवर शिजवलेला माणूस.
उघडं तोंड पाहून हात आखडायला
त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

आता सहा पुड्या बांधून ठेवतो, वर वार लिहून.
गुरुवारी उपास.
"माश्यांक कसलो उपास?" कुरकुरतात,
पण पाळतात.

आणि काच त्यांनी स्वतःहून मागून घेतली.
पावसाळ्याआधी वर ओढलेल्या होडीचं बूड
खरवडायला बसायचे तसे, एक गुडघा वर,
माझ्या जुन्या एटीएम कार्डाची कड
वरून खाली, वरून खाली.
"खालसून वर नको. सगळा पाण्यात पसारता."
मागची काच तेवढी सोडतात,
गोगलगायींसाठी.
"तेंका पण पोट आसा."

गुरुवारी सातही मासे
पुढच्या काचेला तोंड लावून उभे.
ती आता इतकी स्वच्छ की काच आहे हेच कळत नाही.
बाबा खुर्ची फिरवून
भिंतीकडे तोंड करून बसतात.