आमटी खारट झाली त्या दिवशी

हुबळीच्या दवाखान्यातनं सुटले
तेव्हा डॉक्टरनी कागदावर लिहून दिलं
काय खायचं, काय नाही, परत कधी यायचं.
चव कधी येईल ते लिहिलं नव्हतं.
विचारलं तर म्हणाले, येईल हळूहळू,
चुकलेल्या गाडीतल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं.

तेहेतीस वेळा त्या जाळीच्या मुखवट्याखाली
हलू नका म्हणाले, हलले नाही.
मशीन फिरायचं, आणि मी मनात
वडगावातली आमची गल्ली चालायचे:
पिठाची गिरण, सायकलचं दुकान,
निंगव्वाचा कट्टा, मग आमच्या मागांचा पत्रा.
कधी कधी पत्र्यापर्यंत पोचायच्या आतच
उठा म्हणायचे.

घरी आले तर घर कुजबुजत होतं.
माग दोन दिवस बंद,
माझ्या कानांना त्रास नको म्हणून.
ह्यांचा आवाज चार मागांच्या वर चढून
गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा,
ते हे, मला "तू बस गं" म्हणायला लागले,
चहा बशीत ओतून, फुंकून द्यायला लागले.
सुगंधा दप्तर खुंटीला अडकवायला लागली.
बाळेशनं टीव्हीचा रिमोट
आपणहून माझ्या उशाशी ठेवला.
एवढं शहाणं घर मी कधी बघितलं नव्हतं.
मला भीतीच वाटली त्याची.

पाच महिने मी रांधलं
जिभेला न विचारता.
मीठ हाताच्या अंदाजानं,
आणि हातही दुखण्यातनं उठलेला.
सगळे जेवायचे, मुकाट.
पाण्याचा तांब्या तेवढा दोनदा भरायला लागायचा.
मी बघायचे, आणि परसात जाऊन
कढीपत्त्याची पानं खुडत बसायचे.
मिश्रीची डबी तिथंच पुरलीय, मुळाशी.
झाडाला काही झालं नाही.

परवा मंगळवारी लाईट गेलेली.
माग थांबलेले, गल्ली एकदम मोठी वाटायला लागलेली.
साडी अर्धी मागावर, आणि शेठचा माणूस
"परशराम, ओ परशराम" करत दोनदा येऊन गेलेला.
हे वैतागून आत आले, घास घेतला,
आणि ताटच सरकवलं:
"आमटी हाय का समुद्र गं ही?
पाच म्हैने झालं, गप गिळालोय!"

सुगंधाचा हात भातातच राहिला.
कुणी चप्पल घालून देव्हाऱ्यात शिरावं
तसं बाळेशनं बापाकडं बघितलं.
ह्यांचं तोंड उतरलं. शब्द परत घ्यायला
जागा शोधायला लागले बिचारे.

"मग पाच म्हैने तोंड शिवून बसलासा व्हय?
उठा! पाणी घाला त्यात, आणि बटाटा चिरा एक!"

माझा आवाज.
चिरका झालेला, मधे पाण्याचा घोट मागणारा,
पण कट्ट्यापर्यंत पोचला असणार,
कारण पलीकडनं निंगव्वानं विचारलं,
"येनु गलाटे री?"
"येनिल्ल बिडवा," मी ओरडले, "ऊटा नडदैती!"
काही नाही गं बाई, जेवणं चाललीत.

बाळेशच्या नाकातनं भात आला हसून.
मग सगळ्यांनीच काढलं बाहेर:
रविवारचं उप्पीट, पंचमीची उसळ,
त्या पाहुण्यांनी नुसता ताक-भात का खाल्ला.
मी गुडघा पोटाशी घेऊन ऐकत बसले,
थकलेला पगार एकदम हातात पडावा
आणि नोट न नोट मोजून घ्यावी, तशी.

आता सुगंधा चाखते.
तळहातावर थेंब घेऊन डोळे मिटते,
"अजून चिमूटभर," म्हणते, मोठ्या बाईसारखी.
काल कुंद्याचा कण ठेवला जिभेवर.
गोड नाही लागला. खरपूस काहीतरी, लांबनं,
शहापुरात कुणीतरी दूध आटवत असल्यासारखं.
तेवढं पुष्कळ झालं.

पुढच्या महिन्यात हुबळीला जायचंय.
कागद देवाच्या फोटोमागं आहे, मला ठाऊक आहे.
रात्री लाईट आली. माग सुरू झाले, चारही.
त्या खडखडाटात दोघं पोरं
रिमोटवरनं एकमेकांचे केस ओढत होती.

माझ्या उशाशी नव्हता तो.
मी विचारलंही नाही.