रिकाम्याचं भाडं

सांगलीच्या मार्केट यार्डात, चौथ्या गल्लीत
आमच्या ट्रान्सपोर्टचं ऑफिस.
एक पंखा, दोन फोन
आणि माझ्यापुढं बुकिंगचं रजिस्टर.
रकाने ठरलेले. गाडी नंबर, माल, पोती, वजन, भाडं, सही.
धुराला रकाना नाही.
रिकाम्याला तर नाहीच नाही.

इलाही शिकलगार म्हणतो, ताई,
भरलेली गाडी गुमान चालते,
खडखडते ती रिकामी.
वाशीला हळद उतरवून तो माघारी येतो
तेव्हा खंबाटकीच्या चढाला
त्याच्या मागं नुसती ताडपत्री फडफडत असते
आणि नऊ टन काहीच नाही.
त्या काहीच-नाहीला ऐंशी लिटर डिझेल लागतं.

शिमग्याच्या आधी, सौदे जोरात असताना,
मी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर
पेन्सिलीनं एक रकाना आखला: रिकामे किलोमीटर.
महिन्याची बेरीज आली
तेव्हा मी कॅल्क्युलेटर बदलून बघितला.

सारडांची हळद, पुणे, मंगळवार, अर्धी गाडी.
भोकरेंचा बेदाणा, पुणे, मंगळवार, अर्धी गाडी.
तासवड्याच्या टोलला एकामागं एक
दोन अर्ध्या गाड्या उभ्या राहायच्या,
कारण एका सौद्यावरून बारा वर्षं
दोन शेठ एकमेकांचं नाव घेत नाहीत.
माल कुठं भांडला होता?
मी कुणाला न विचारता
दोघांचा माल एका गाडीत घातला.

तिसऱ्या दिवशी भोकरे शेठ आले.
टेबलावर मूठभर बेदाणा ठेवला.
म्हणाले, खा.
मी खाल्ला.
हळद लागलेल्या नवरीच्या खोलीत
बसून खाल्ल्यासारखा लागला.
माल परत. भाडं माफ.
मालक काही बोलले नाहीत,
फक्त पंखा एकवर आणून गेले.

तातोबा हमाल दारात बसून सगळं ऐकत होता.
उमेदीत हरिपूरच्या पेवांवर राबलेला माणूस.
सांगू लागला,
जमिनीच्या पोटात हळद वर्ष-वर्ष निजायची,
ना वीज, ना यंत्र,
तोंड असं लिंपायचो की वरून चाललेल्याला
खाली हळद आहे हे कळू नये.
वासाला दार लागतं, पोरी. तू दार केलंच नाहीस.

मग दोन दिवस दाभण घेऊन
त्यानं जुनी ताडपत्री आणि गोणपाट
दुहेरी शिवलं, मधोमध आडवं ताणलं.
तेव्हापासून अलीकडं हळद, पलीकडं बेदाणा,
आणि शेठ अजून बोलत नाहीत.

पेवात उतरायच्या आधी, तातोबा सांगतो,
दोरीनं कंदील खाली सोडायचा.
विझला, तर उतरायचं नाही.
आत हवा आहे का नाही
हे माणसाच्या आधी दिव्याला विचारायचं.
टोलच्या रांगेत चालू ठेवलेली इंजिनं,
यार्डाच्या फाटकाशी चहावाल्या शेवंताबाईंची
दुपारपर्यंत काळी होणारी दुधाची फडकी,
हे सगळं मी आता रजिस्टरात खाली खाली सोडून बघते.
ज्योत अजून आहे. बारीक आहे.

आता इलाही पुण्याहून मोकळा येत नाही.
द्राक्षाच्या खोक्यांचे पुठ्ठे भरून येतो, तासगावसाठी.
खेपा कमी झाल्या. धूरही.
आणि त्याचा भत्ताही.
हे त्यानंच सांगितलं, चहाचा कप उलटा ठेवत,
रागानं नाही, हिशेब सांगावा तसं.
वाचलेल्या डिझेलमधलं थोडं ड्रायव्हरांना द्या,
मी मालकांना म्हटलं.
मालक म्हणाले, बघू.

आज संध्याकाळी मान वर केली
तर गाडी फाटकाच्या आत उभी.
आलेली कळलीच नाही,
म्हणजे भरून आली.
मी पेन्सिलीला टोक काढलं.
रिकाम्या किलोमीटरांच्या शेजारी जागा होती थोडी.
तिथं लिहिलं: इलाही, भत्ता, बाकी.