सातवी स्लाइड

एदुविना कार्कामोबाईंच्या फायली
मंगळवारच्या लाँचनं येतात.
पेनड्राइव्ह पिशवीत, पिशवी लोकरी मोज्यात,
मोज्याला चुलीच्या धुराचा वास.
मी कास्त्रोच्या शाळाखात्यात, जिन्याखालच्या टेबलाशी,
स्लाइड्सना आवाज जोडतो.
शिंपीकाम म्हणा.

केनाक बेटावरच्या शाळेचं छप्पर
जूनच्या वाऱ्यानं नेलं.
दुरुस्ती कागदावर जोरात चालू आहे.
तोवर धडे असे, मोज्यातून.

बावीस स्लाइड्स. भरती-ओहोटी, इयत्ता सहावी.
चंद्र पिवळा, समुद्र निळा,
बाण मात्र लाल आणि जाडजूड,
बाणांच्या बाबतीत बाईंनी हात सैल सोडलाय.

पहिल्या स्लाइडवर बाई वाचतात. नुसतं वाचतात,
विजेचं बिल वाचावं तसं.
दुसऱ्या स्लाइडवर तेच. तिसऱ्या स्लाइडवर एक कोंबडा.
चौथ्या स्लाइडवर मध्येच थांबल्या, माइक चालूच,
म्हणाल्या, "बोलतेय कुणाशी मी, भिंतीशी?"
खुर्ची सरकली. दार वाजलं.
परत आल्या, टेबलावर काहीतरी मांडलं:
टप्. टप्. टप्.
मी मोजलं, नऊ वेळा.

आणि पाचव्या स्लाइडपासून आवाजात माणूस आला.
"मागच्या बाकावरचा जांभळ्या, हो, तूच.
चंद्र ओढतो म्हणजे काय दोरी बांधतो?"

मी न राहवून फोन लावला.
"बटाटे आहेत रे," बाई म्हणाल्या, "परसातले.
सहावीत पोरं नऊच.
आणि बटाट्यांना डोळे असतात,
तुमच्या त्या कॅमेऱ्याला कुठं आहेत?"

सातव्या स्लाइडवर एकच ओळ:
पाणी गेलं कुठं?
त्यापुढं अकरा सेकंद कुणी बोलत नाही.
लाकूड तडकतं. लांब कुठं तरी कुत्रं.

आमच्या सॉफ्टवेअरला मोकळी जागा सोसत नाही.
त्याला बटणच आहे: शांतता काढून टाका.
वरून साहेबांचा हुकूम, धडा आठ मिनिटांत बसवा.
मी दाबलं.
प्रश्नाच्या पाठीवर उत्तर येऊन आदळलं,
पाणीगेलंकुठंचंद्रानंओढलंपुढचीस्लाइड.
सात मिनिटं छप्पन्न सेकंद.
काटेकोर. आणि त्यात जीव नाही.

दुपारी डबा घेऊन धक्क्यावर गेलो.
ओहोटी होती. होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या,
दोन बायका वाकून शिंपले वेचत होत्या.
एवढा थोरला रिकामा किनारा,
पण कापून टाका असं
आजवर कुणी म्हटल्याचं ऐकलं नाही.

परत येऊन अकराच्या अकरा सेकंद जागेवर ठेवले.
कुत्र्यासकट.
साहेबांना सांगितलं, फाइलच मोठी आहे.

पुढच्या मंगळवारी मोज्यात वहीचं एक पान होतं,
मेउलिन बेटावरच्या नायारेतचं, पेन्सिलीनं लिहिलेलं:
"बाई, सातव्या स्लाइडवर तुम्ही थांबलात
तेव्हा मी उत्तर दिलं. ते चुकलं.
मग मागे नेऊन परत दिलं.
दुसऱ्यांदाचं ऐकू आलं का?"

पान मी बाईंना पोचवलं.
त्यांचा उलट निरोप आला, तोही तोंडी, लाँचवाल्याकडून:
तिला सांगा, आलं.
आणि तुम्हाला सांगायचं तर, पुढचा धडा जरा उशिरा येईल.
जांभळ्याला कोंब फुटलेत.
त्याला आधी जमिनीत लावते,
मग त्याच्या जागी दुसरा बसवते.