विसावं चित्र

कुताइसीत, रिओनीच्या पुलाजवळ,
त्सिउरीबाईंच्या औषधांच्या दुकानात
टेबललॅम्पच्या मानेला रबरबँडने बांधलेला
माझा स्वस्तातला कॅमेरा.

खोकल्याच्या औषधाचा खोका त्या समोर धरतात.
हात थरथरतो. नऊ वर्षं झाली.
पडद्यावर काळ्या रेघा
एकमेकींत उतरून राखाडी होतात,
खिशात फुटलेल्या शाईसारख्या.

“घट्ट धरा ना,” मी म्हणालो,
आणि म्हणताक्षणी जीभ चावली.

रात्री घरी प्रोग्राम पुन्हा उघडला.
सेकंदाला तीस चित्रं येतात,
त्यातलं एकच उचलून मी निकाल देत होतो.
आता सगळी बघ, म्हटलं.
पुसट असेल ते सोड, कुरकुरू नकोस, पुढचं घे.
तेरावा आकडा आधीच्या बारांशी जुळला
तरच हो म्हण.

सकाळी तोच खोका, तोच हात.
एकोणीस चित्रं वाया.
विसाव्यात
हात एका टोकाहून परत फिरताना
जेमतेम थांबलेला.
रेघा सुट्या, काळ्याभोर.

टिंग.

बाईंनी खोका ठेवला,
हात एप्रनच्या खिशात घातला.
“बघ,” म्हणाल्या,
“धरला होता की मी घट्ट.”